आधी काम, मग सामान, शेवटी दुकान : कॉम्प्युटर दुरुस्तीचा छोटा व्यवसाय



गटाच्या बैठकीत नवीन व्यवसायाचा विषय निघाला की शेळीपालन, कोंबडीपालन, शिलाई, पापड-मसाले ही नावं लगेच येतात. ती चांगलीच आहेत. पण गावोगावी आता आणखी एक काम साचून राहतंय, ते म्हणजे बंद पडलेल्या कॉम्प्युटरचं. ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर आहे, शाळेत आहे, दूध संकलन केंद्रावर आहे, पतसंस्थेत, मेडिकलमध्ये, कृषी सेवा केंद्रात आहे. तो बंद पडला की कुणीतरी मोटरसायकलवर बांधून तालुक्याला नेतं. दोन-चार दिवस जातात आणि कितीदा बिघाड निघतो तो नुसत्या धुळीचा.

हे काम आपल्या गटातली ताई किंवा तिची शिकलेली लेक-सून करू शकते. त्यासाठी इंजिनियर असावं लागत नाही. मात्र घाईनं मोठं कर्ज काढून दुकान थाटलं तर हेच काम अंगाशी येतं. म्हणून या पाठाचं सूत्र एकच आहे : आधी काम, मग सामान, शेवटी दुकान. ज्या ताई हे काम स्वतः करणार नाहीत त्यांनीही पाठ वाचावा. कर्जाच्या ठरावावर सही तुमचीही असते आणि पैसा सगळ्यांच्या बचतीचा असतो.

१. गावात काम किती आहे ते आधी मोजा

शेळी घेण्याआधी आपण चारा-पाणी बघतो ना? तसंच इथे. एक वही घ्या आणि चार दिवस फिरा. आपलं गाव आणि आसपासची चार-पाच गावं एवढा टापू धरा. प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न विचारा : तुमच्याकडे कॉम्प्युटर आणि प्रिंटर किती आहेत? मागच्या वर्षभरात किती वेळा बंद पडले? दुरुस्तीला कुठे नेलं आणि किती पैसे गेले?

या तीन प्रश्नांत तुमचा बाजार कळतो, चालू दर कळतो आणि तुमची ओळखही होते. टापूत मिळून पंधरा-वीसच कॉम्प्युटर निघाले तर हा व्यवसाय एकट्यानं घर चालवणार नाही. मग तो झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज किंवा शिलाईच्या जोडीला ठेवा. कॉम्प्युटर पन्नास-साठच्या पुढे असतील आणि तालुका लांब असेल तर पुढे जायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. बऱ्याच मुली-बायकांच्या लॅपटॉपमध्ये घरचे फोटो असतात. अनोळखी माणसाच्या हाती तो द्यायला त्यांना नको वाटतं. बाई दुरुस्त करते म्हटल्यावर त्या निर्धास्तपणे येतील. हे गिऱ्हाईक तुमचं हक्काचं आहे.

२. शिकायचं कुठे?

एमएस-सीआयटी झालं म्हणजे दुरुस्ती आली असं समजू नका. त्यात कॉम्प्युटर वापरायला शिकवतात, उघडून जोडायला नाही. दुरुस्ती शिकण्याच्या तीन वाटा आहेत.

पहिली, आरसेटी म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. या संस्था बँका चालवतात. प्रशिक्षण, राहणं आणि जेवण मोफत असतं. त्यांच्या अभ्यासक्रमांच्या यादीत कॉम्प्युटर हार्डवेअर आहे. आपल्या जिल्ह्यात ती तुकडी कधी निघणार ते आपल्या सीआरपी ताईंकडून किंवा तालुका कक्षातून विचारून घ्या.

दुसरी, आयटीआयमधला कॉम्प्युटर हार्डवेअर आणि नेटवर्क देखभालीचा एक वर्षाचा ट्रेड. घरात दहावी झालेली मुलगी असेल तर तिच्यासाठी हा विचार जरूर करा.

तिसरी, तालुक्याच्या एखाद्या चालू दुकानात तीन महिने हाताखाली काम करणं. पहिल्या दोन वाटांनी गेलात तरी ही तिसरी सोडू नका. प्रशिक्षणात मशीन स्वच्छ असतं. खऱ्या गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये मुंग्या, पालीची अंडी आणि उंदरानं कुरतडलेल्या वायरी असतात.

सरावासाठी भंगारवाल्याकडून एक जुना कॉम्प्युटर घ्या. तो पूर्ण खोला, परत जोडा आणि चालू करा. न बघता, न अडखळता दहा वेळा जमलं की मगच दुसऱ्याच्या मशीनला हात लावा.

३. पेटीत काय हवं?

सुरुवातीला एवढंच पुरतं : लहान-मोठ्या टोकांचा स्क्रू ड्रायव्हर संच, मल्टिमीटर, हवेचा ब्लोअर, मऊ ब्रश, पांढरा खोडरबर, प्रोसेसरला लावायची थर्मल पेस्ट, दोन पेन ड्राइव्ह, माहिती तात्पुरती ठेवायला एक बाहेरून जोडायची हार्ड डिस्क, मनगटाला बांधायचा स्थिर विजेचा पट्टा आणि चांगला टॉर्च.

स्थिर वीज म्हणजे काय? थंडीत नायलॉनचं कापड अंगावरून काढताना तडतड होते ती. आपल्याला ती जाणवतही नाही, पण रॅमसारखा नाजूक भाग तेवढ्यानं खराब होऊ शकतो. काम करताना सुती कपडे घाला, पट्टा बांधा. हातातल्या धातूच्या बांगड्या आणि अंगठी काढून ठेवा, मंगळसूत्र आत घ्या, पदर-ओढणी खोचून घ्या.

सुटे भाग भरून ठेवू नका. बटण सेल, एक-दोन केबल, एक माउस आणि एक कीबोर्ड पुरेत. बाकीचा भाग गिऱ्हाइकाकडून आगाऊ पैसे घेऊनच आणायचा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली इथे घाऊक माल मिळतो हे खरं. पण महिन्याला चार भाग लागत असतील तर तिथवर जाण्याचं भाडंच जास्त होईल. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या दुकानदाराशी नीट भाव ठरवा आणि भाग बदलून मिळेल ना, ते आधीच विचारा.

४. बिघाड शोधायचा क्रम

नवशिकी बाई लगेच मशीन खोलते. जाणती आधी विचारते. डॉक्टर जसे "काय होतंय, कधीपासून?" विचारतात, तसं विचारा : काल चालू होतं का? मध्ये वीज कमी-जास्त झाली का? कुणी काही नवीन टाकलं का? अर्धा बिघाड उत्तरातच सापडतो. मग या पायऱ्यांनी चला.

पायरी पहिली : अजिबात चालू होत नाही. आधी वीज बघा. त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघा. मग यूपीएस, मग केबल बदलून बघा. सगळं ठीक असेल तर डब्यातला वीजपुरवठ्याचा भाग, म्हणजे एसएमपीएस, संशयित. आपल्याकडचा चालू एसएमपीएस लावून खात्री करा.

पायरी दुसरी : पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी. मॉनिटरची केबल आणि मॉनिटरचा दिवा बघा. मग वीज पूर्ण काढून रॅमची पट्टी बाहेर घ्या, तिच्या सोनेरी कडा खोडरबरानं हलक्या हातानं पुसा, भुगा झटका आणि पट्टी 'टक' आवाज येईपर्यंत परत बसवा. जुन्या मशीनमध्ये पुष्कळदा एवढ्यानंच काम होतं.

पायरी तिसरी : रोज तारीख-वेळ चुकते. मदरबोर्डवरचा बटण सेल संपलाय. तो सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा असतो. तारीख चुकीची असली की बँकेच्या आणि सरकारी वेबसाइटही नीट उघडत नाहीत. गिऱ्हाइकाला वाटतं इंटरनेटच गेलं. काम सेल बदलण्याचं.

पायरी चौथी : थोडा वेळ चालून आपोआप बंद. मशीन तापतंय. अंगणात नेऊन, तोंडाला कापड बांधून ब्लोअरनं धूळ काढा. हवा मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगानं फिरून खराब होतो. प्रोसेसरवरची पेस्ट वाळली असेल तर पुसून नवीन लावा.

पायरी पाचवी : फार हळू चालतं. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी लावली की फरक लगेच दिसतो. भाग महाग असल्यानं आधी गिऱ्हाइकाला विचारा. हार्ड डिस्कमधून टिक-टिक आवाज येत असेल तर मशीन तिथल्या तिथे बंद करा. चालू ठेवाल तेवढी आतली माहिती जाण्याचा धोका वाढतो.

पायरी सहावी : विंडोज सुरू होत नाही. आधी आतली माहिती दुसरीकडे उतरवून घ्या, मगच नवीन टाका. हा क्रम कधीही उलटा करायचा नाही.

मदरबोर्डवरचा बारीक चिपचा बिघाड असेल तर सरळ सांगा, "हे माझ्याकडे होत नाही, तालुक्याला पाठवते, नेण्या-आणण्याचे एवढे पडतील." नाही म्हणता येणं हीसुद्धा कारागिरीच आहे. आजचं एक काम जाईल, पण गिऱ्हाईक टिकेल.

५. जिवाला जपायच्या गोष्टी

एसएमपीएस कधीही उघडू नका. प्लग काढला तरी त्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते आणि जबर झटका बसू शकतो. तो बदलायचा, दुरुस्त करायचा नाही. फुगलेल्या लॅपटॉप बॅटरीला टोचू नका, दाबू नका, ती पेट घेऊ शकते. घरात काम करणार असाल तर अर्थिंग तपासून घ्या. काम चालू असताना लहान लेकरं जवळ नकोत. गिऱ्हाइकाच्या घरी एकटीनं जाण्याची वेळ आली तर सोबत कुणाला तरी न्या आणि कुठे जाताय ते घरी सांगून जा.

६. माहिती म्हणजे लोकांची ठेव

गटाच्या पेटीतला पैसा जसा आपला नसतो, तशी कॉम्प्युटरमधली माहितीही आपली नसते. फोटो, बँकेचे कागद, मुलांचे दाखले, दूध संकलनाचे हिशेब, सगळं त्यात असतं. या धंद्यात नाव होतं ते यावरच आणि बुडतंही यावरच.

मालकाच्या परवानगीशिवाय माहिती उघडणं किंवा उतरवून घेणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० खाली गुन्हा ठरू शकतो. म्हणून चार नियम पाळा. पासवर्ड लिहून घेऊ नका, मालकाला स्वतः टाकायला सांगा. तसं शक्य नसेल तर काम झाल्यावर त्याच्याकडून बदलून घ्या. कामापुरतंच उघडा. दुरुस्तीसाठी उतरवलेली माहिती, ती मिळाल्याची खात्री मालकानं केल्यावर, त्याच्यासमोर पुसा. आणि मशीनमध्ये जे दिसलं ते पाणवठ्यावर किंवा बैठकीत बोलायचं नाही.

७. 'फुकटातली विंडोज' आणि जुनी मशीन

गिऱ्हाईक म्हणेल, "ताई, फुकटातली टाका की, सगळे टाकतात." चोरीची विंडोज टाकणं बेकायदा आहे. शिवाय ती चालू करायच्या तोडफोडीच्या प्रोग्राममधूनच व्हायरस शिरतात. शांतपणे दोन रस्ते दाखवा. मशीनवर आधीपासून अस्सल विंडोज असेल तर तीच आवृत्ती परत टाकता येते आणि बहुतेक वेळा नवीन पैसे पडत नाहीत. नसेल तर लिनक्स टाका. ती मोफत आणि कायदेशीर आहे. सी-डॅक या सरकारी संस्थेनं बनवलेली बॉस लिनक्स त्यातलीच.

आणखी एक विषय चालू आहे. विंडोज १० ला कंपनीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुनी मशीन चालू राहतात, पण त्यांना सुरक्षेच्या नेहमीच्या सुधारणा मिळत नाहीत. पुष्कळ जुन्या मशीनवर विंडोज ११ बसत नाही. तिथे लिनक्स टाकून देणं हे तुमच्यासाठी मोठं काम ठरू शकतं. मात्र दूध संकलनाचा किंवा दुकानाच्या हिशेबाचा प्रोग्राम लिनक्सवर चालतो का, हे आधी तपासा. नाहीतर सकाळचं संकलन अडेल.

८. पावती, वही आणि खरा नफा

इथे आपण गटाच्या ताई शहरातल्या कारागिरापेक्षा सरस आहोत. आपल्याला वही लिहायची सवय आहे.

मशीन आलं की पावती : नाव, तारीख, मशीनचा नंबर, सोबत काय आलं (चार्जर, पिशवी, केबल), तक्रार काय, अंदाजे खर्च, आगाऊ रक्कम. दोन प्रती, दोन सह्या. मशीन परत देताना काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्या. "बाईला काय कळतंय यातलं" म्हणणाऱ्याला यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

आता हिशेब बघू. आकडे केवळ सरावासाठी आहेत, तुमच्या भागातले दर घालून पुन्हा करा.

समजा एका ताईनं गटाकडून १५,००० रुपये घेतले : अवजारं ५,०००, सरावाचा कॉम्प्युटर ७,०००, केबल-सेल वगैरे ३,०००. मुदत १२ महिने, व्याज महिना १ टक्का. पहिला हप्ता मुद्दल १,२५० आणि व्याज १५०, मिळून १,४००.

एका महिन्यात १८ कामं झाली. मजुरी ४,७५०. गिऱ्हाइकांना लावलेले सुटे भाग ६,९०० चे. एकूण बिलं ११,६५० रुपयांची. बघून छाती फुलते.

आता खर्च. भागांची खरेदी ६,३००. तालुक्याला येणं-जाणं ७००. वीज आणि मोबाइल ३००. हप्ता १,४००. एकूण ८,७००. उरले २,९५०. त्यातून १,५०० ची उधारी अजून यायचीय. म्हणजे हातात फक्त १,४५०.

प्रत्येक कामाला तीन तास धरले तर १८ कामांचे ५४ तास झाले. उधारी सगळी वसूल झाली तरी तासाला साधारण ५५ रुपयेच पडले. ताईनं पहिल्याच महिन्यात २,००० रुपये भाड्यानं गाळा घेतला असता तर? उधारी अडकलेली असताना ५५० रुपये घरातून घालावे लागले असते. म्हणूनच दुकान शेवटी.

हाच हिशेब सुधारतो कसा? भाग आणायला चार खेपांऐवजी दोन करा. उधारी बंद करा, "आगाऊ घेतल्याशिवाय भाग आणत नाही" अशी पाटीच लावा. आणि शाळा, पतसंस्था, दूध डेअरी यांच्याशी वर्षभराच्या देखभालीचा लेखी करार करा. दर दोन-तीन महिन्यांनी जाऊन साफसफाई करायची, बिघाड झाल्यास आधी तुमचा नंबर, भागांचे पैसे वेगळे. असे पाच-सहा करार झाले की ठरलेली मिळकत सुरू होते. दुकानाचा विचार त्यानंतर करायचा.

९. कागदपत्रं आणि कर्ज

उद्यम नोंदणी करून घ्या. ती आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि पूर्ण मोफत आहे, मध्ये कुणाला पैसे देऊ नका. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पुढे गरज पडली तर मुद्रा योजनेतलं 'शिशु' कर्ज ५०,००० रुपयांपर्यंत, तारण न घेता मिळतं. पण आपला क्रम विसरू नका. पहिली रक्कम गटातून, छोटी. सहा महिने हप्ते वेळेवर गेले, वहीत काम दिसलं, की मग बँकेचं दार.

१०. या गोष्टींना हात लावू नका

दूध केंद्राचा कॉम्प्युटर दुरुस्त करा, पण वजनकाट्याचं सील तोडू नका. काट्याच्या दुरुस्तीला वैधमापन विभागाचा परवाना लागतो. रेशन दुकानाचं ई-पॉस मशीनही उघडू नका, त्याची दुरुस्ती ठरलेल्या यंत्रणेकडूनच होते.

आणि कचरा. तांब्यासाठी वायरी जाळणं, जुने बोर्ड उकिरड्यावर टाकणं बंद. त्यात शिसं असतं, ते मातीत-पाण्यात उतरतं आणि धूर लेकरांच्या छातीत जातो. खराब भाग एका पोत्यात साठवा आणि ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत संस्थेकडेच द्या.

गटात चर्चेसाठी

१) आपल्या टापूत किती कॉम्प्युटर आहेत? मोजायला कोण जाणार?
२) गटातल्या किंवा घरातल्या कुणाला हे काम शिकता येईल? तिच्या प्रशिक्षणाच्या काळात घरचं काम कोण वाटून घेईल?
३) एखादीनं दुकानासकट ८०,००० रुपयांचं कर्ज मागितलं, तर ठरावावर सही करण्याआधी तुम्ही कोणते प्रश्न विचाराल?
४) वरचा हिशेब आपल्या भागातल्या दरांनी पुन्हा मांडा. महिन्याला किमान किती कामं आली तर हप्ता आणि घर दोन्ही निघेल?

तिसऱ्या प्रश्नावर जरा वेळ घ्या. कर्ज मागणाऱ्या ताईला अडवण्यासाठी हे प्रश्न विचारायचे नसतात, तिचा हप्ता थकू नये म्हणून विचारायचे असतात. उत्तरं इतिवृत्तात लिहून ठेवा आणि पुढच्या बैठकीत वहीसोबत घेऊन बसा.